सहाशेची लेन्स घ्यावी का?

(खंडाळा, जि. सातारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)



आधी एक खुलासा. बाहेरगावी आम्ही खंडाळ्याचे म्हटलं की लोकांना लोणावळ्याशेजारचा चिक्कीवाला खंडाळा आठवतो. आपला खंडाळा खंबाटकीच्या पायथ्याचा. इथे धुकं आणि धबधबे कमी, माळ जास्त; उत्तरेला नीरा नदी आणि वीर धरणाचा फुगवटा. हे मुद्दाम सांगतो, कारण लांब लेन्सचं जे काही बरंवाईट आहे ते घनदाट जंगलापेक्षा अशा उघड्या माळावर आणि पाण्याच्या काठावरच नीट कळतं.

दर वर्षी दिवाळीच्या आधी किंवा उसाचं बिल जमा झालं की आमच्याकडे कुणी ना कुणी येतो. प्रश्न ठरलेला. "सर, सहाशेची घेऊ का?" सहाशेची म्हणजे ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स. नवीन घ्यायची तर लाखाच्या आतबाहेर पैसे जातात. आपल्याकडे ही लहान रक्कम नाही, त्यामुळे 'घे' किंवा 'नको' असं एका शब्दात उत्तर देणं आम्ही बंद केलं आहे. का बंद केलं ते सांगतो.

आमचा सात-आठ जणांचा गट आहे. त्यातला एक मित्र शिरवळला कंपनीत पाळीवर काम करतो. त्याने १८ हप्त्यांवर १५०-६०० लेन्स घेतली. दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा झोपायचा, सकाळी नऊ-साडेनऊला उठायचा आणि दहापर्यंत लोणंदकडच्या माळावर हजर. सहा महिने त्याचे सगळे फोटो मऊ आले. कडा नाहीत, पिसं नाहीत, डोळ्यात चमक नाही. त्याने दुकानदाराला नावं ठेवली, लेन्स बनवणाऱ्यांना नावं ठेवली, आणि शेवटी वैतागून निम्म्या किमतीला ती काढून टाकली. घेतली कुणी? गटातल्याच दुसऱ्याने. हा गडी सकाळी डेअरीला दूध घालून साडेसहाला माळावर असायचा. पहिल्याच रविवारी त्याने बाभळीवरच्या कापशी घारीचा फोटो आणला. लाल डोळा असा की बघणाऱ्याकडे रोखून बघतोय. लेन्स तीच, कॅमेराही त्याच मॉडेलचा. पहिल्याचे हप्ते मात्र अजून वर्षभर चालू होते.

हे असं का झालं, हाच आजचा विषय समजा.

सुरुवात लेन्सच्या तोंडापासून करू. लोक आकडा बघतात ६००. आम्ही म्हणतो, आधी तोंड बघा. मिलिमीटरच्या आकड्याला एफच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत येण्याची वाट किती रुंद आहे ते निघतं. ५५-२५० ही कॅमेऱ्याबरोबर सवलतीत मिळणारी लेन्स घ्या. २५० भागिले ५.६ म्हणजे साधारण ४५ मिलिमीटर. तूप वाढायच्या लहान वाटीएवढं तोंड. १५०-६०० ची लेन्स सहाशेला एफ ६.३ असते, म्हणजे ९५ मिलिमीटर. ही झाली आमटीची वाटी. आणि ज्या लेन्स बघून आपण हळहळतो, त्या ६०० एफ ४ चं तोंड १५० मिलिमीटर, म्हणजे पोह्यांची डिश. लांब बसलेल्या एका पक्ष्याकडून आपल्याकडे जो प्रकाश येतो, त्यातला किती गोळा होणार हे या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं.

आता हिशोब बघा. तुपाच्या वाटीकडून आमटीच्या वाटीकडे गेलात की प्रकाश साडेचार पट होतो. आमटीच्या वाटीकडून डिशकडे गेलात की आणखी अडीच पट. पण पैसे? पहिली उडी पाऊण-एक लाखाची. दुसरी दहा लाखांच्या पुढची. म्हणून परवडणारी लांब झूम ही काही गरिबाची तडजोड नाही. पैशाच्या हिशोबात सगळ्यात जास्त मिळकत तिथेच आहे. राहिलेली अडीच पट कुठून भरून काढायची ते पुढे येईलच. ती बिनपैशाने निघते, फक्त लवकर उठावं लागतं.

हा तोंडाचा हिशोब डोक्यात ठेवलात तर दुकानात फसवणूक होत नाही. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावा, सहाशेचे ८४० होतात, असं सांगणारे भेटतील. होतात की! पण तोंड तेच ९५ चं. एफ ६.३ चा एफ ९ झाला आणि फोकस चाचपडायला लागला. तसंच ८३ पट झूमच्या कॅमेऱ्यांचं. निकॉनचा पी ९०० हा २०१५ चा कॅमेरा, जाहिरातीत २००० मिलिमीटर. प्रत्यक्ष लेन्स ३५७ मिलिमीटर, एफ ६.५, म्हणजे तोंड ५५. तरीही तो आम्ही टाकाऊ म्हणत नाही. ज्यांना पक्षी ओळखायचे आहेत, ई-बर्डवर नोंदी करायच्या आहेत, त्यांनी असला कॅमेरा खुशाल घ्यावा. आमच्या गटातल्या सर्वात जास्त नोंदी असल्याच कॅमेऱ्यावरच्या आहेत.

आणि हे लांब लेन्सचं प्रकरण आपल्या आवाक्यात आलं ते गेल्या दहा-बारा वर्षांत. आधी परवडणाऱ्या झूम ५०० पर्यंत थांबायच्या आणि शेवटी शेवटी धूसर व्हायच्या. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली, पुढच्या वर्षी सिग्माने त्याच आकड्यांच्या दोन आणल्या, २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० आली. तिथून चित्र पालटलं.

आज काय घ्यावं? डीएसएलआर असेल तर सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉनची दुसऱ्या पिढीची १५०-६०० आणि निकॉनवाल्यांसाठी २००-५०० एफ ५.६. तिन्ही चांगल्या. तिन्हींतला फरक तुमच्या सकाळच्या वेळेतल्या फरकापेक्षा लहान आहे. सिग्मा १९३० ग्रॅम, टॅमरॉन २०१० ग्रॅम, निकॉन २३०० ग्रॅम. सिग्माचीच स्पोर्ट नावाची मोठी बहीण २८६० ग्रॅमची आहे. दुचाकीवर फिरणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. मिररलेस असेल तर सोनीची २००-६०० आणि निकॉन झेडची १८०-६००. दोन्हींत झूम करताना नळी बाहेर येत नाही, त्यामुळे माळावरची धूळ आत ओढली जात नाही. पण या दोन्ही दीड लाखाच्या पुढे जातात. कॅननच्या मिररलेसवाल्यांना एक वेगळी गंमत मिळाली आहे: आरएफ १००-४००, एफ ८ पर्यंत, वजन फक्त ६३५ ग्रॅम. तोंड ५० चं, म्हणजे तुपाची वाटीच, पण दिवसभर गळ्यात राहते. जी लेन्स बरोबर असते तीच फोटो काढते. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि खांदा दुखणाऱ्यांना आम्ही हीच सांगतो.

आणि काहींना आम्ही काहीच घेऊ नका सांगतो. सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला जाणार असाल, तर तिथे काळवीट, चितळ, सांबर. चितळ २५ मीटरवर उभं असेल तर साध्या क्रॉप कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरला सव्वादोन-अडीच मीटर रुंदीचं दृश्य मावतं, जनावर अर्धी चौकट भरतं. सहाशेने तिथे नुसतं तोंड येईल. वर चांदोली-कोयनेच्या जंगलात, म्हणजे २०१० पासून ज्याला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणतात तिथे, अडचण उलटी. झाडोरा इतका दाट की भर सकाळी एफ ६.३ ला प्रकाश पुरत नाही, आणि झाडीत ३० मीटरपलीकडचं दिसतंच कुठे? लांब लेन्स उघड्यावरची. पाणथळी, माळ, मायणीसारखा तलाव. पक्षी लहान, अंतर मोठं, मध्ये आडोसा नाही, अशा ठिकाणची.

किती लहान आणि किती मोठं, तेही बघून टाकू. आपला लहान खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १७ सेंटिमीटर. तो ३० मीटरवर बसला आणि क्रॉप कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटर लावलं तर चौकटीची रुंदी २ मीटर ८० सेंटिमीटर. खंड्या तिचा सोळावा भाग. ६०० लावलं तर रुंदी १ मीटर १७ सेंटिमीटर, खंड्या सातवा भाग. बरं वाटलं ना? पण हाच खंड्या १० मीटरवर असेल तर २५० नेही तो जवळजवळ तेवढाच येतो, आणि सहाशेने अर्धी चौकट भरतो. म्हणजे लेन्सने जे होतं ते अंतराने त्याहून जास्त होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पण त्याचा अर्थ पक्ष्यामागे धावा असा नाही. त्यावर येतो.

वापरलेली लेन्स घेणार असाल तर दोन गोष्टी मात्र सोडू नका. मोबाइलची बॅटरी एका बाजूने तिरपी मारून दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. दुसरी परीक्षा कालनिर्णयची. भिंतीला पान चिकटवा, १५ पावलं मागे जा, ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, सहाशेला आणि एफ ८ ला फोटो काढा. पान एकदा मध्ये, मग चारही कोपऱ्यांत आणून बघा. तिथीची बारीक अक्षरं तीन कोपऱ्यांत स्वच्छ आणि चौथ्यात पुसट असतील, तर आतली एखादी काच सरकली आहे. जुन्या लेन्सला नव्या मिररलेसवर लावणार असाल तर स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावूनच बघा. काहींना आतली प्रणाली अद्ययावत करावी लागते. सिग्माच्या आणि टॅमरॉनच्या दुसऱ्या पिढीच्या लेन्सला त्यासाठी घरी वापरायचा डॉक मिळतो; टॅमरॉनच्या पहिलीला नाही, ती सेवाकेंद्रात न्यावी लागते.

बरं. आता त्या मित्राच्या मऊ फोटोंकडे वळू.

डांबरी रस्त्यावर दुपारी लांब पाणी साचल्यासारखं दिसतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, वरची थंड हवा दाट राहते, आणि दोन्हींतून जाताना प्रकाश वाकतो. माळावर हे नुसतं मृगजळापुरतं नसतं. गरम हवेचे पुंजके सतत वर उठत असतात आणि प्रत्येक पुंजका लहानशा वाकड्या भिंगासारखं काम करतो. साध्या डोळ्याला कळत नाही. पण सहाशेची लेन्स एवढ्याशा कोनातलं दृश्य ताणून मोठं करते, तेव्हा हवेची ही थरथरही तेवढीच मोठी होते. तुम्ही ६० मीटरवरच्या चंडोलाचा फोटो काढताय असं तुम्हाला वाटतं. खरं म्हणजे तुम्ही ६० मीटर उकळत्या हवेचा फोटो काढताय, चंडोल तिच्या पलीकडे आहे.

याला औषध नाही. शटर वाढवा, वाकडंतिकडं चित्र गोठून येईल. ट्रायपॉड लावा, काही फरक नाही. दहा लाखांची लेन्स लावा, हवा तीच. आपल्या भागात उन्हाळ्यात साडेआठ-नऊनंतर आणि थंडीत दहाच्या सुमाराला माळ असा उकळायला लागतो. आमचा मित्र रोज बरोबर त्याच वेळी पोचायचा! ढगाळ दिवस याला अपवाद. श्रावणातल्या ढगाळ दुपारी याच लेन्सने लांबचे फोटो सुरेख येतात.

पाण्यावर हा प्रकार उलटा होतो, तो आम्हालाही उशिरा उमगला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वीरच्या फुगवट्यावर हवा गारठलेली असते आणि पाणी त्यामानाने कोमट. मग सूर्य उगवायच्या वेळीच पाण्यावर थरथर असते. अर्धा-पाऊण तास थांबलं की शांत होते, मग तास-दीड तास उत्तम जातो, मग जमीन तापते. म्हणजे थंडीत पाण्यावर खरी वेळ दीड तासाची. आणि मोटारीतून काढत असाल तर काच उघडल्यावर गाडीतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर जाते. दहा मिनिटं थांबा, इंजिन बंद ठेवा, बॉनेटवरून तर कधीच काढू नका.

ओळखायचं कसं? पडद्यावर चित्र दहा पट मोठं करून लांबच्या विजेच्या खांबावर धरा. खांबाची कड तव्यावरच्या वाफेसारखी हलत असेल तर लांबचं काम संपलं. मग जवळचं बघा. आठ-दहा मीटरवर तारेवर वेडा राघू बसलेला असतो, दर मिनिटाला उडून माशी पकडून त्याच जागी परत येतो. मधली हवा थोडी, म्हणून बिघाडही थोडा. आमच्या मित्राने सहा महिने वेड्या राघूचे फोटो काढले असते तर लेन्स विकली नसती.

प्रकाशाचं गणित थोडक्यात. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० ला एफ ६.३ वर १/२५०० शटर मिळतं, उडता पक्षी पकडायला पुरे. उजाडताना प्रकाश सहा स्टॉपने कमी असतो, तेव्हा आयएसओ ६४०० करूनही १/६०० च्या आसपास. बसलेल्या पक्ष्याला चालतं, उडणाऱ्याला नाही. लोक आयएसओला घाबरून शटर १/२०० वर आणतात आणि फोटो हलतो. दाणेदार फोटो संगणकावर बराच सुधारतो, हललेला सुधारत नाही. आम्ही मॅन्युअलवर शटर आणि ॲपर्चर ठरवतो आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोडतो. सहाशेला हातात धरून १/१००० हा आमचा नेम. लेन्समधलं कंप रोखणारं यंत्र तुमचा हात थांबवतं, पक्ष्याची मान थांबवत नाही, हे विसरू नका. प्रकाश बरा असेल तर एफ ८ ला जा, किंवा सहाशेवरून साडेपाचशेवर या. या लेन्स शेवटच्या टोकाला जरा ढिल्या असतात.

धरायची पद्धत बघा. (इथे वक्त्यांनी लेन्स हातात घेऊन दाखवले.) डावा हात लेन्सच्या पुढच्या भागाखाली, कोपर छातीला. उचलताना लेन्सच्या पट्ट्याला धरा, कॅमेऱ्याला धरून दोन किलो लोंबकळू देऊ नका, जोड सैल पडतो. फोकसची मर्यादा ठरवणारी कळ १० मीटर ते अनंत यावर ठेवली की लेन्स उगाच पुढेमागे धावत नाही. मात्र वेडा राघू जवळ आला की ती काढायला विसराल, आम्हीही विसरतो. आणि बीनबॅग विकत घेऊ नका. जुन्या जीनपँटचा पाय कापून दोन्हीकडून शिवा, आत तांदूळ भरा. आम्ही एकदा ज्वारी भरली होती, पावसाळ्यात किडे होऊन सगळ्या घरात झाले. ही पिशवी गाडीच्या खिडकीवर, बांधावर, बाईकच्या सीटवर, कुठेही ठेवा. माळावर पालथं झोपून काढाल तर ट्रायपॉडपेक्षा हीच बरी. फोटोही पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून येतो.

आता अंतर. मघाशी म्हटलं, लेन्सपेक्षा अंतराने जास्त फरक पडतो. मग पुढे जायचं का?

तीन वर्षांपूर्वी आम्ही वीरला पट्टकादंबांच्या मागे होतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतो. सत्तर-ऐंशीचा थवा काठावर चरत होता. आम्ही चौघे गुडघ्यांवर, कोपरांवर, चिखलातून सरकत निघालो. दोनशे मीटरचे शंभर झाले, शंभरचे सत्तर. मग एकाने मान वर केली, मग दहांनी. आम्ही आणखी पाच मीटर सरकलो आणि अख्खा थवा उठला. त्या दिवशी परत बसला नाही. हाती आले ते पाठमोरे फोटो. काठावर जाळं आवरणारे एक काका सगळं बघत होते. म्हणाले, "आवं पावनं, चोरागत कशापायी येताय? सरळ चालत या की. आमी रोज जातो, आमास्नी न्हाय भीत."

आम्हाला तेव्हा राग आला, पण काका बरोबर होते. त्या पक्ष्यांना मेंढरं माहीत, मासेमारी माहीत, उभा चालणारा माणूस माहीत. दबकत सरकत येणारा फक्त कोल्हा किंवा कुत्रा. दुसऱ्या आठवड्यात आम्ही उजाडायच्या आधी काकांच्या वाटेशेजारी बांधाला टेकून बसलो आणि हललो नाही. आठच्या सुमाराला पट्टकादंब चरत चरत आमच्याकडेच आले, चाळीस मीटरवर. लेन्स ६०० ला लावायचीही गरज पडली नाही.

तेव्हापासून आम्ही लांब लेन्सकडे वेगळ्या नजरेने बघतो. तिच्यामुळे पक्षी आपल्याला बघूनही चरत राहील इतक्या अंतरावर बसता येतं. पुढचं अंतर त्याने कापायचं. खाणं थांबलं, मान ताठ झाली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली, की आपण आधीच जास्त पुढे आलो आहोत. दोन पावलं मागे.

घरट्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागतं. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. एप्रिल-मेच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी असते. तुम्ही फोटोसाठी वीस मिनिटं जवळ थांबलात तर ती वीस मिनिटं लांब ओरडत फिरते आणि अंडी उन्हात भाजतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक हातात नसली तरी. घरट्याचे फोटो आमच्या गटात कुणी टाकले तर आम्ही कौतुक करत नाही, आणि ठिकाण विचारलं तर सांगत नाही. चिंकारा आणि लांडग्यांसाठी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाचेक चौरस किलोमीटरचं. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. तिथे रीतसर नोंदणी करून जा, गाडीतून उतरू नका. चिंकारा गाडीला फारसा भीत नाही, तुमचे दोन पाय दिसले की पळतो.

पावसाळ्याचं एक राहिलं. आपल्याकडे बेताचा पाऊस, पण तुम्ही महाबळेश्वर, बामणोलीला जाता आणि ओली बॅग तशीच कपाटात ठेवता. बुरशी तिथे धरते. महागडं कपाट नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं लहान घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, घरच्यांना विचारून, आणि तो तवा मग स्वयंपाकाला वापरू नका. सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे लेन्स दर आठवड्याला बाहेर काढून वापरणं.

(प्रश्नोत्तरांत एका तरुणाने विचारले: "माझ्याकडे ५५-२५० आहे, बजेट ४० हजार. काय करू?")

चाळीसमध्ये नवीन सहाशे मिळत नाही. वापरलेली पहिल्या पिढीची १५०-६०० कधी कधी थोडे जास्त घालून मिळते, बॅटरी आणि कालनिर्णय घेऊन जा. पण त्याआधी एक करा. येत्या दोन महिन्यांचे आठ रविवार उजाडताना वीरवर किंवा माळावर या. २५० घेऊनच या. आठांतले सहा आलात, तर आमच्यातल्याच कुणाची तरी सहाशे तुम्हाला एक सकाळ वापरायला देऊ, मग ठरवा. आलाच नाहीत, तर चाळीस हजार वाचले.

तो पाळीवाला मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने मागच्या वर्षी वापरलेली १००-४०० घेतली, या वेळी रोखीने. आता तो तिसऱ्या पाळीच्या आठवड्यातच फोटो काढतो. सात वाजता कंपनीतून सुटतो, घरी न जाता थेट माळावर येतो, नऊ वाजता लेन्स बॅगेत टाकून झोपायला जातो. त्याचे फोटो मागे भिंतीवर लावले आहेत, जाताना बघून जा. चहा तिथेच आहे.